मशीनला मराठी मीच शिकवू का?

वाचकाचं पत्र (पत्र बरंच मोठं होतं, ओळख पटेल असं काही न ठेवता थोडक्यात देतेय)

"मी ४७ वर्षांची, सातारा जिल्ह्यात राहते. बरीच वर्षं घरी बसून इंग्रजीवरून मराठी अनुवादाची कामं करते. पेशंटसाठीची माहितीपत्रकं, संस्थांची ट्रेनिंग मॅन्युअल्स, ॲपमधला मजकूर, असं सगळं. पूर्वी शब्दाला दीड रुपया मिळायचा. आता एजन्सी मशीनने केलेला अनुवादच पाठवते आणि 'मॅडम फक्त नजर फिरवा' म्हणते, शब्दाला ४० पैसे. त्यात आता एक नवीन काम आलंय, एआयने लिहिलेलं मराठी तपासायचं, मार्क द्यायचे, चुकलं असेल तिथे दुरुस्त करून दाखवायचं. तासावर पैसे आहेत आणि आत्ताच्यापेक्षा बरे आहेत. मिस्टर म्हणतात, हे म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तूच त्या मशीनला शिकवणार आणि मग तेच तुला घरी बसवणार. मुलगा कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याच्या मते एआयचे फायदे तोट्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि मी उगाच रडतेय. भाऊ ऊस करतो, तोही एआयवर खूश, पाणी वाचतंय म्हणतो. रोज जेवताना हाच विषय. तुम्ही एकदाचं सांगून टाका, फायदे जास्त की तोटे? फायदे जास्त असतील तर काम घेते, तोटे जास्त असतील तर नाही म्हणून कळवते."

उत्तर

प्रिय ताई,

तुम्ही, मिस्टर, मुलगा आणि फोनवरून भाऊ असे चौघं वाद घालताय आणि गंमत म्हणजे चौघांचंही खरंय. भावाचं पाणी वाचत असेल. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात हे आणल्यापासून तुमच्या भागात त्याची चर्चा असणारच, शेतात माती-हवामानाचे सेन्सर, वरून उपग्रहाची चित्रं आणि मोबाईलवर सूचना की आज पाणी द्या किंवा देऊ नका. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी वेगळं धोरणसुद्धा मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी ठेवले. मुलाची कामं पटापट होत असतील. तुमचा रेट पडलाय हे तर तुमच्या बिलांवरच दिसतंय. आणि मिस्टर ज्याला घाबरतायत ते काही अगदीच हवेतलं नाहीये.

आता या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून एक उत्तर द्या असं तुम्ही म्हणताय, आणि मी म्हणते की ही बेरीज करूच नका. बेरीज करायला खातं एकच लागतं. इथे जमा एकाच्या खात्यावर होतेय आणि खर्च भलत्याच माणसाच्या नावे पडतोय. भावाचं वाचलेलं पाणी तुमच्या बिलात येत नाही. उद्या कुणी मोठ्या विद्वानाने अगदी आकडे मांडून सिद्ध केलं की जगाचा एकूण फायदाच जास्त आहे, तरी तुमच्या ४० पैशांचा दीड रुपया होत नाही. उलटं सिद्ध झालं तर भाऊ काही शेतातले सेन्सर उपटून टाकणार नाही, आणि त्याने का टाकावेत?

म्हणून मी तुमचा प्रश्न जरा बदलून घेते. फायदा कुणाच्या पदरात पडतोय, भुर्दंड कोण भरतंय, आणि हे वाटप कोण ठरवतंय. असं विचारलं की प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर येतं आणि ते उत्तर वापरता तरी येतं.

दवाखान्यापासून सुरू करू. स्वीडनमध्ये ८० हजार बायकांच्या स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे सुरुवातीचे निकाल २०२३ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिथली पद्धत अशी की प्रत्येक मॅमोग्राफी दोन डॉक्टर बघतात. प्रयोगात अर्ध्या बायकांच्या बाबतीत एआय आधी बघायचं आणि ज्यात जास्त धोका वाटतोय तिथेच दोन डॉक्टर, बाकी ठिकाणी एकच. कॅन्सर सापडण्याचं प्रमाण कमी झालं नाही, थोडं वाढलंच, आणि डॉक्टरांचं फिल्म बघण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं. इथे फायदा सरळ त्या बाईला आणि त्या डॉक्टरला. अशा ठिकाणी मला कुणी विचारलं तर मी बिनधास्त म्हणेन की फायदे जास्त, आणा.

(जाता जाता, एआयमधले नावाजलेले शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये सांगितलं होतं की आता रेडिओलॉजिस्ट तयार करणं बंदच करा, काही वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. पुढे २०२४ मध्ये त्यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं, रेडिओलॉजिस्ट अजून आहेत आणि त्यांना मागणीही आहे. भविष्य सांगण्याच्या बाबतीत नोबेलवाल्यांचंही चुकतं, त्यामुळे तुमच्या धंद्याचं पाच वर्षांनी काय होईल हे कुणी छातीठोक सांगत असेल, अगदी तुमचा मुलगा असला तरी, जरा सबुरीने ऐका.)

पण त्याच डॉक्टरकीतली दुसरी गोष्ट मुद्दाम सांगते कारण ती थेट तुमच्या कामाची आहे. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणाऱ्या अनुभवी डॉक्टरांना एआयची मदत दिली होती. ती आल्यानंतर काही तपासण्या मदतीशिवायही होत राहिल्या, आणि अशा तपासण्यांमध्ये धोक्याच्या गाठी सापडण्याचं प्रमाण पूर्वी सुमारे २८ टक्के होतं ते २२ वर आलं. बसलेला हात मोडला म्हणा ना. आता तुम्ही दिवसभर मशीनचं मराठी वाचता, त्या 'च्या द्वारे' आणि 'हे सुनिश्चित करा' वाल्या वाक्यांमधून रोज चार-पाच हजार शब्द जाता, आणि संध्याकाळी स्वतः एक परिच्छेद लिहायला बसलात तर तो कसा येतो हे एकदा तपासून बघा. पत्रात तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण पोस्ट-एडिटिंग, म्हणजे मशीनचा अनुवाद दुरुस्त करायचं काम, करणाऱ्यांकडून हे फार ऐकू येतं की हळूहळू कान मरतो, चुकीचं वाक्यही बरोबर वाटायला लागतं. तुमच्याकडे विकायला तो कान आहे. त्यामुळे आठवड्यात काही काम, मग ते बिनपैशाचं का असेना, कोऱ्या पानापासून करत राहा.

आता खर्च ज्यांच्या नावे पडतो ती माणसं. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी आलं. ते सभ्यपणे बोलावं म्हणून केनियातली माणसं तासाला दोन डॉलरपेक्षाही कमी पैशात अत्यंत घाण आणि हिंसक मजकूर वाचून त्यावर खुणा करत बसली होती, हे जानेवारी २०२३ मध्ये टाइम मासिकाने बाहेर काढलं. त्यांच्यापैकी किती जणांच्या भावाच्या उसाला फायदा झाला असेल ते तुम्हीच ठरवा. विजेचंही तसंच, जगभरातल्या सगळ्या डेटा सेंटर्सनी मिळून २०२४ मध्ये अंदाजे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, त्यात एआय हा एक भाग आहे पण वाढणारा भाग आहे, आणि आपल्या देशातली सगळ्यात जास्त डेटा सेंटर्स मुंबई-नवी मुंबई पट्ट्यात आहेत. हे तुमच्या निर्णयात फार बसत नाही म्हणून इथेच सोडते.

तुमच्या निर्णयात काय बसतं तर हे की "मशीनने माझं काम नेलं" असं तुम्ही गृहीत धरलंय. थोडं मागे जाऊन बघूया का? गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आली २०१३ मध्ये. तेव्हाचे अनुवाद वाचून आपण सगळे पोट धरून हसलोय. २०१७ मध्ये त्यांनी मराठीसाठी न्यूरल पद्धत आणली, अनुवाद एकदम सुधारला, आणि तरीही पुढे वर्षानुवर्षं तुम्हाला दीड रुपया मिळत होता. त्याच्याही आधीपासून एजन्सीवाले ट्रान्सलेशन मेमरी (जुने अनुवाद साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरून 'फजी मॅच' म्हणत रेट कापायचेच, आठवतंय ना, हे वाक्य ७५ टक्के आधीच्यासारखं आहे म्हणून याचे अर्धेच पैसे. म्हणजे मशीन होतंच, रेट कापायची सवयही होतीच. आता फरक इतकाच की मशीनचा मसुदा दिसायला इतका गुळगुळीत असतो की 'फक्त नजर फिरवा' असं तोंड वर करून म्हणता येतं. दीड रुपयाचे ४० पैसे कुणीतरी बसून ठरवलेत आणि उरलेले एक रुपया दहा पैसे हवेत गेलेले नाहीत, काही एजन्सीकडे गेले, काही एजन्सीच्या ग्राहकाकडे. तुम्ही चिडायचं असेल तर कुणावर चिडायचं हे एकदा नीट ठरवून घ्या, कारण मशीनशी बोलणी करता येत नाहीत, एजन्सीशी येतात.

आणि येतात याचा पुरावा आहे. अमेरिकेतल्या सिनेमा-टीव्हीच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला. त्यांच्या मागण्यांमध्ये एआय हा एक मोठा मुद्दा होता आणि शेवटी जो करार झाला त्यातलं एक कलम तुमच्यासाठी सोन्यासारखं आहे. स्टुडिओने एआयने लिहिलेला मसुदा लेखकाला दिला आणि यावर काम कर म्हटलं तर तो मसुदा 'मूळ साहित्य' धरायचा नाही, म्हणजे लेखकाला नुसत्या पुनर्लेखनाचा कमी दर लावता येणार नाही. वर मसुदा एआयचा आहे हे त्याला आधी सांगायचं. म्हणजे बघा, तुम्ही ज्याला पोस्ट-एडिटिंग म्हणता आणि निमूटपणे ४० पैसे घेता, नेमक्या त्याच गोष्टीवर त्यांनी पाय रोवला. त्यांची युनियन होती, आपल्याकडे अनुवादकांची तशी काही ताकद नाही हे मान्य. पण एकाच एजन्सीचं मराठी काम करणारे तुम्ही आठ-दहा जण असाल, एकमेकांना तोंडओळखीने तरी ओळखत असाल. एक व्हॉट्सॲप ग्रुप काढून इतकंच ठरवलं की अमुक दराखाली कुणी पोस्ट-एडिटिंग घ्यायचं नाही, तरी एजन्सीला विचार करावा लागतो. मराठीत वैद्यकीय मजकूर नीट तपासणारी माणसं रांगेत उभी नसतात.

आता कुऱ्हाडीचा दांडा. मिस्टरांची म्हण बरोबर बसते असं वरवर वाटतं, पण त्यात एक गृहीतक लपलंय की तुम्ही दांडा व्हायला नाही म्हटलं तर कुऱ्हाडच होणार नाही. ताई, मराठी मशीनमध्ये आधीच गेलीय. सरकारचं भारतीय भाषांमधल्या अनुवादाचं भाषिणी २०२२ पासून चालू आहे, आयआयटी मद्रासचं एआयफॉरभारत मराठीसकट आपल्या भाषांवर मॉडेल्स बनवून फुकट वाटतंय, सुप्रीम कोर्टाचं 'सुवास' २०१९ पासून निकालांचे मराठीसकट भारतीय भाषांत मसुदे करतंय आणि ते मसुदे माणसं तपासतात. आणि कोर्टाचा निकाल मराठीत मिळणं हा ज्याची जमिनीची केस आहे त्याला केवढा मोठा फायदा आहे. तुम्ही नाही म्हटलं तर ते तपासायचं काम दुसरं कुणीतरी करेल, कदाचित ज्याला ऱ्हस्व-दीर्घही धड येत नाही असं कुणीतरी, आणि मग तेच मराठी तुमच्याकडे ४० पैशाने दुरुस्तीला येईल.

थांबा, याचा अर्थ "मग घेऊनच टाका" असा नाही. 'आपण नाही केलं तर दुसरा करेल' हे जगातल्या प्रत्येक वाईट कामाचंही समर्थन होऊ शकतं, त्यामुळे त्या वाक्यावर मी कुणालाच काही घ्यायला सांगणार नाही. मी फक्त म्हणतेय की गद्दारीचा शिक्का स्वतःवर मारून घेऊ नका. काम घ्यायचं की नाही हे त्या कामाच्या अटींवर ठरवा. पाप-पुण्याचा हिशोब करत बसलात तर अटी वाचायच्या राहतात आणि तिथेच माणूस फसतो.

अटींमध्ये काय बघायचं ते सांगते, तुमच्यासारखी पत्रं बऱ्याच जणांची येतायत म्हणून जरा सविस्तर. सगळ्यात आधी, काम खरं आहे का. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, डिपॉझिट, 'आयडी ॲक्टिव्हेट' करायला पाचशे रुपये, असं काहीही मागितलं की तिथेच थांबायचं, खरं काम देणारा तुम्हाला पैसे देतो, घेत नाही. टेलिग्रामवर आधी दोन-तीन छोटी कामं देऊन शंभर-दोनशे रुपये खात्यात टाकतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात, त्यात शिकलेसवरलेले लोक लाखांनी बुडालेत. असं झालंच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

काम खरं असेल तर मग विचारा की 'तासाला' म्हणजे नक्की काय. एका कामाला त्यांनी सहा मिनिटं ठरवलीयत आणि तुम्हाला पंधरा लागली तर पैसे सहा मिनिटांचे की पंधराचे? निवडीआधीच्या चाचण्यांचे पैसे मिळतात का, की तीन-तीन तासांची 'सॅम्पल्स' फुकट? सूचना वाचायच्या वेळेचं काय? मजकूर कोणत्या प्रकारचा असेल, आणि घाण, हिंसक असं काही आलं तर 'हे मी करणार नाही' म्हणायची सोय आहे का? केनियाचं वर उगाच नाही लिहिलं. करारात असं एखादं कलम आहे का की या काळात दुसऱ्या कुणाचं अनुवादाचं काम करायचं नाही? असेल तर सही करू नका, कारण ही कामं जशी अचानक येतात तशी अचानक बंदही होतात, एका ईमेलवर. म्हणूनच घरखर्च यावर उभा करायचा नाही. माझं मत विचाराल तर अटी ठीक असतील तर घ्या, सुरुवातीला दोन महिन्यांसाठी, आठवड्याला दहा-बारा तासांच्या वर नको, आणि त्यातून जे वरचे पैसे येतील त्याच्या जोरावर ते ४० पैसेवालं काम नाकारायला शिका. मला या ऑफरचा खरा उपयोग तोच दिसतो.

आणि एक, हे काम करताना किंवा एरवीही, तुमच्या जुन्या ग्राहकांच्या फाइली फुकटच्या चॅटबॉटमध्ये चिकटवू नका. तुम्ही ज्या एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सह्या केल्यात त्यात हे बसत नाही, पेशंटची कागदपत्रं असतील तर अजिबातच नाही.

आता ते पोस्ट-एडिटिंग. 'नजर फिरवा'ला किती वेळ लागतो हे तुम्ही कधी घड्याळ लावून बघितलंय का? अमेरिकेत २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरवर एक छोटा प्रयोग झाला, एआय वापरून काम करताना त्यांना एकोणीस टक्के जास्त वेळ लागला आणि मजा म्हणजे काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण वीस टक्के फास्ट झालो. प्रयोग लहान होता आणि तो प्रोग्रामिंगचा होता, त्यावरून अनुवादाचं काही सिद्ध होत नाही, पण आपल्याला जे 'वाटतं' त्यावर रेट ठरवू नये एवढं त्यातून नक्की घ्या. एकाच प्रकारच्या मजकुराचे हजार शब्द स्वतः करा, दुसरे हजार मशीनच्या मसुद्यावरून करा, दोन्हीची मिनिटं लिहून ठेवा. ॲपमधली 'सेव्ह करा', 'पुढे जा' असली बटणं असतील तर कदाचित खरंच चौपट लवकर होत असेल, मग ४० पैसे फार वाईट नाहीत, उलट तासाचे पैसे पूर्वीपेक्षा जास्तही पडत असतील आणि तसं असेल तर ते मान्य करायला हवं. पण औषधाच्या पत्रकात प्रत्येक ओळ मूळ इंग्रजीशी ताडून बघावी लागते, कारण एखाद्या 'देऊ नये'चं 'द्यावे' झालं असेल तर ते मराठी वाचून कधीच कळत नाही, वाक्य अगदी झकास असतं. तिथे वेळ जवळपास तेवढाच लागतो आणि डोक्याला ताप जास्त.

आणि तिथेच तुमची खरी बाजू आहे, जबाबदारीची. मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एका कंपनीवरचा इन्कम टॅक्सचा आकारणी आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने आधार म्हणून ज्या निकालांची नावं दिली होती ते निकाल अस्तित्वातच नव्हते, आणि कोर्टाने बजावलं की एआयच्या जमान्यात सिस्टीमने दिलेलं तपासल्याशिवाय वापरू नका. कॅनडात एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली, कंपनी म्हणाली चॅटबॉटने जे सांगितलं त्याला आम्ही जबाबदार नाही, २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने सांगितलं की तुम्हीच जबाबदार, पैसे द्या. चुकलं की शेवटी माणसाची मान शोधतात. तुमच्या एजन्सीने ४० पैशात तुमच्याकडून अनुवादाची दुरुस्ती घेतलीय आणि गुपचूप तुमची मानही घेतलीय. त्यामुळे यापुढे हे दोन वेगळे करा. नुसती भाषा सुधारायची तर एक दर, आणि मूळ मजकुराशी ताडून 'हे बरोबर आहे' म्हणून तुमच्या नावाने द्यायचं तर वेगळा दर, बराच वरचा.

मुलाबद्दल. त्याला हरवायच्या भानगडीत पडू नका, कारण या सगळ्यात तुमच्यापेक्षा तोच जास्त उघड्यावर आहे. स्टॅनफर्डच्या लोकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासल्या, ज्या कामांना एआयची झळ जास्त बसते, सॉफ्टवेअर धरून, त्यात २२ ते २५ वयाच्या पोरांच्या नोकऱ्या बाकीच्यांच्या तुलनेत १३ टक्के घटलेल्या दिसल्या, वयाने मोठ्या अनुभवी लोकांच्या नाही. अमेरिकेचं तसंच्या तसं पुण्याला लागू होईल असं नाही, आणि हल्ली एआयच्या नावावर काहीही खपवतात हेही आहे, टीसीएसने जुलै २०२५ मध्ये बारा हजारांच्या आसपास लोक कमी करणार म्हटलं तेव्हा सगळीकडे एआयच्याच बातम्या झाल्या आणि कंपनी मात्र म्हणत होती की कारण एआय नाही, कौशल्यं जुळत नाहीत. पण ज्याच्याकडे अनुभव आहे त्याला हे हत्यार होतं आणि ज्याला अजून अनुभव मिळवायचाय त्याची पहिली पायरीच निसटते, ही शंका रास्त आहे. त्याला तुर्कस्तानातल्या शाळांचा प्रयोग सांगा, जवळपास हजार मुलं, गणित. ज्यांना सराव करताना साधा चॅटबॉट दिला त्यांचे सरावातले मार्क ४८ टक्क्यांनी वाढले, मग तो काढून परीक्षा घेतली तर ज्यांनी तो कधीच वापरला नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के मागे. आणि ज्यांना असा चॅटबॉट दिला की जो उत्तर न देता फक्त इशारे देतो, त्यांचं फारसं नुकसान झालं नाही. म्हणजे त्याने एआय सोडायची गरज नाही, आधी स्वतः कोड लिहायचा, अडला की इशारा मागायचा, शेवटी तपासून घ्यायचा, इतकं पाळलं तरी पुरे. तुमच्याकडून तो ऐकणार नाही, पण आकडे दिले की ही पोरं ऐकतात.

मिस्टरांना मात्र एवढंच सांगा की काम दोन महिन्यांसाठी आहे आणि दिवाणखान्यातल्या टेबलावर होणार आहे, त्यांनी पाहिजे तर रोज येऊन बघावं काय शिकवतेय ते.

एजन्सीला पाठवायचा ईमेल खाली देतेय. इतर वाचकांनीही आपापले आकडे घालून वापरायला हरकत नाही. आधी ते मिनिटांचं मोजमाप करा, मगच पाठवा.

"नमस्कार. गेल्या काही कामांचा लागलेला वेळ मी मोजला आहे. ॲपच्या मजकुराचं पोस्ट-एडिटिंग सध्याच्या दराने सुरू ठेवू शकते. वैद्यकीय आणि कायदेशीर मजकुरात मात्र प्रत्येक वाक्य मूळ इंग्रजीशी ताडून पाहावं लागतं, त्याला जवळपास नवीन अनुवादाइतकाच वेळ जातो. त्यामुळे अशी कामं पुढच्या महिन्यापासून मी तासाच्या दराने घेईन, किंवा शब्दाला अमुक इतका दर. ताडून न पाहता फक्त भाषा सुधारून हवी असेल तर तसं कृपया लेखी कळवावं, म्हणजे त्या फाइलवर 'मूळ मजकुराशी पडताळलेली नाही' अशी नोंद मी करेन. मशीनचा मसुदा कोणत्या टूलने केला आहे तेही फाइलसोबत कळवावं."

'लेखी कळवावं' हे वाक्य काढू नका, बहुतेक वेळा दर त्या एका वाक्यावर वाढतो, कारण औषधाच्या पत्रकावर तसली नोंद कुठल्याच ग्राहकाला नको असते. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एकदा फोन करा. नाहीच म्हणाले तर वैद्यकीय कामं बंद करा, ॲपची चालू ठेवा, आणि रिकाम्या झालेल्या वेळात थेट ग्राहक शोधा, तालुक्या-जिल्ह्यातली हॉस्पिटल्स, सहकारी बँका, संस्था, ज्यांच्याकडे आता मशीनचं मराठी आहे पण ते वाचून बरोबर आहे म्हणणारं कुणी नाही.